जमिनीत गाडलेले कोठे जाते?

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील, नांदेडच्या वाटेवरचे लहानसे स्थानक. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, हळद, आणि विहिरी-बोअरवर तगलेली शेती. याच रुळांवरून नांदेडहून निघालेली सचखंड एक्सप्रेस परभणी, मनमाड, भुसावळ, इटारसी असा पल्ला गाठत भोपाळला जाते. वाटेतील काही स्थानकांवर प्रवाशांना प्रेमाने लंगरचे जेवण मिळते. अलीकडे या गाडीने भोपाळला जाणे झाले, तेव्हा तेथील युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याचा परिसर मुद्दाम पाहून आलो.

स्थानकापासून तो फारसा दूर नाही. भिंतीपलीकडे माजलेले रान आणि गंजलेले सांगाडे दिसतात, समोर जे. पी. नगरची दाट वस्ती आणि मृतांच्या स्मरणार्थ उभारलेला आई व बाळाचा पुतळा. हा कारखाना 1969 साली सुरू झाला. येथे होणारे ‘सेविन’ हे कीटकनाशक कापसावरील बोंडअळीसाठीही वापरले जाई. म्हणजे आपल्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या भागांशी त्याचे नाते जुनेच.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्रीची वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. तिच्या आधीची पंधरा वर्षे मात्र फारशी आठवली जात नाहीत. त्या काळात कारखान्याचा विषारी कचरा आवारातील खड्ड्यांत टाकला गेला. 1977 पासून सांडपाणी उन्हात वाळवण्यासाठी बाहेरच्या तळ्यांत सोडले जाऊ लागले. त्यातील द्रव्ये पावसाबरोबर खाली मुरली आणि भूजलात उतरली. अखेर 2004 साली सर्वोच्च न्यायालयाला आजूबाजूच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला.

2005 मध्ये वरवरचा काही कचरा गोळा करून आवारातच एका शेडमध्ये ठेवला गेला. तो तेथे जवळजवळ वीस वर्षे पडून होता. डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने कडक शब्दांत आदेश दिल्यावर, 1 जानेवारी 2025 च्या रात्री 337 टन कचरा 12 कंटेनरमधून सुमारे 250 किलोमीटरवरच्या पीथमपूरला निघाला. तेथील रहिवाशांनी विरोध केला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती. आधी चाचण्या झाल्या, आणि जूनअखेरपर्यंत कचरा जाळून झाला. जाळताना चुना वगैरे द्रव्ये मिसळावी लागत असल्याने उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने अधिक भरली. ती पाणी न झिरपणाऱ्या अस्तराच्या खड्ड्यात कायमची सांभाळावी लागते.

‘भोपाळचा कचरा संपला’ असे अनेकांना तेव्हा वाटले. परंतु नागपूरच्या ‘नीरी’ने आणि हैदराबादच्या ‘एनजीआरआय’ने 2010 मध्ये दूषित मातीचा अंदाज सुमारे 11 लाख टन दिला होता. त्यापुढे 337 टन म्हणजे सव्वातीन हजारांतील एक भाग. ज्येष्ठांच्या आरोग्याचा खरा प्रश्न या उरलेल्या मातीशी निगडित आहे.

याचे कारण वैद्यकीय आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. पारा व इतर जड धातू जात नाहीत, उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. वयानुसार मूत्रपिंडांची क्षमता कमी होते, आणि एकाच विहिरीचे पाणी पिऊन कित्येकांची चाळीस-पन्नास वर्षे गेलेली असतात. हाताचा कंप, बोटांची बधिरता, विसराळूपणा ही लक्षणे आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा कारण दुसरेच असते. तरीही तपासणीला नेताना रुग्ण कोणते पाणी पितो, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

गावात कारखाना नसला, तरी मुदत संपलेली औषधे आणि रिकाम्या बाटल्या बांधाच्या कडेला पुरण्याची सवय अनेक घरांत आहे. पुरलेले विष विहिरीची वाट शोधते. औषध लागेल तेवढेच आणावे. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. मग तिला भोके पाडावीत, म्हणजे कोणी तिच्यात तेल-पाणी भरणार नाही. शंका असेल तेथील पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत न्यावे. जड धातू आणि कीटकनाशके यांविषयी आवर्जून विचारावे, कारण नेहमीच्या तपासणीत ती येतीलच असे नाही.

नवा बोअर घेण्यापूर्वी त्या जागी पूर्वी काय होते, हे घरातील आजी-आजोबांना विचारावे. भोपाळमध्येही कचरा कोठे टाकला जात असे, याची बरीच माहिती जुन्या कामगारांच्या आठवणींतूनच मिळाली.