खाडीकाठची पेटी

“उद्या आपण खजिना शोधायला जाणार आहोत,” असं मी आबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, “कोणाचा?”

प्रश्न अगदी रास्त होता. मला उत्तर देता आलं नाही.

ही गोष्ट ऑगस्ट २०१४ ची. आईला जाऊन दीड वर्ष उलटून गेलं होतं आणि आबा पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे पोर्टलंडला आले होते. आधी दोनदा आले होते ते आईबरोबर. तेव्हा घरात सतत कुकरच्या शिट्ट्या आणि “अहो, ऐकलंत का” असायचं. या वेळी आबा, त्यांचं पंचांग आणि बॅकयार्डमधली एक खार. मी सोमवारी पहाटेच्या विमानाने क्लायंटकडे जायचो तो गुरुवारी रात्री परत. कन्सल्टिंगवाल्यांच्या घरी हा पाढा सगळ्यांना पाठ असतो. बायकोची नोकरी, नऊ वर्षांच्या लेकीचा समर कॅम्प. शुक्रवारी मी घरून काम करायचो, पण आबांशी बोलणं म्हणजे “आज ऊन आहे”, “हो, आहे खरं” एवढंच. त्याला कारण होतं. ते पुढे येईलच.

खजिन्याची पुस्तिका एका मित्राने दिली. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीशी जोडलेल्या ऑरेगन सी ग्रँट या संस्थेने ‘ऑरेगन कोस्ट क्वेस्ट्स’ नावाचा उपक्रम चालवला होता. कल्पना साधी. किनाऱ्यावरच्या एखाद्या पायवाटेसाठी इंग्रजीत यमक जुळवलेली कोडी आणि एक नकाशा. गाइड नाही, फोन नाही, वेळेचं बंधन नाही. कोडं सोडवायचं, ते सांगेल तितकं चालायचं, वाटेतल्या पाट्या, झाडं, पक्षी नीट बघून रिकाम्या चौकटीत अक्षरं भरायची. शेवटी एक लपवलेली पेटी सापडते. तिच्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. वहीत नाव लिहायचं, आपल्या कागदावर शिक्का उमटवायचा आणि पेटी होती तिथेच, होती तशीच ठेवून द्यायची. घरी न्यायचं काही नाही.

या खेळाचं मूळ शोधलं तर इंग्लंडमधल्या डार्टमूरपर्यंत जातं. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचलेल्यांनी त्यात आपलं कार्ड टाकायचं. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ आलं, आणि त्याच धर्तीवर १९९५ मध्ये व्हरमाँट-न्यू हॅम्पशरच्या सीमेवर ‘व्हॅली क्वेस्ट’ सुरू झालं. खरं तर माझ्यासारख्या संगणकवाल्याला जिओकॅशिंग जवळचं वाटायला हवं. सरकारने जीपीएसच्या सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी २ मे २००० ला काढली आणि दुसऱ्याच दिवशी जगातला पहिला जिओकॅश आपल्याच पोर्टलंडजवळ, बीव्हरक्रीकला ठेवला गेला. आम्ही तेही करून पाहिलं होतं. पण त्यात लेक झाडं बघायचीच नाही, बाण बघायची. म्हणून क्वेस्ट.

जागा निवडली न्यूपोर्टची. हॅटफील्ड मरीन सायन्स सेंटरजवळून याक्विना खाडीच्या काठाने जाणारी वाट, सपाट आणि आबांच्या गुडघ्यांना झेपेल अशी. रविवार, १० ऑगस्ट. तारीख मी माझ्या कॅलेंडरवरून ठरवली. आदल्या रात्री आबा म्हणाले, “उद्या नारळी पौर्णिमा आहे, माहीत आहे ना?” मला माहीत नव्हतं. बायकोला होतं. तिने नारळीभाताची तयारी केली होती आणि इंडियन स्टोअरमधून एक अख्खा नारळही आणून ठेवला होता.

पहाटे साडेपाचला निघालो. घरून न्यूपोर्ट अडीच तास. वाटेत मी बढाई मारली की भरती-ओहोटीचं टेबल प्रिंट करून आणलंय. आबा म्हणाले, “टेबल कशाला? तिथीची पाऊणपट कर.” आमचं गाव दाभोळच्या खाडीवर. तिथे हा हिशोब पोराटोरांनाही येतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती. मी टेबल पाहिलं. भरती दुपारी एक वाजून गेल्यावर होती. मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे कबूल करतो.

“उन्हाळ्यात तुम्ही घड्याळ तासभर पुढे करता ना?” आबांनी विचारलं. करतो. म्हणजे तास तिथेच गेला. उरला तासाभराचा फरक. पॅसिफिकच्या आणि अरबी समुद्राच्या मधे अर्धी पृथ्वी आहे, त्या मानाने हिशोब काही वाईट नव्हता. लेक मागच्या सीटवरून ओरडली, “आबा विन्स!”

सेंटरच्या आवारात काँक्रीटचा एक मोठा तुकडा ठेवलेला आहे. मार्च २०११ च्या सुनामीत जपानमधल्या मिसावा बंदराचा एक धक्का तुटून वाहत निघाला आणि जून २०१२ मध्ये न्यूपोर्टच्या ॲगेट बीचवर येऊन लागला. त्यातला हा तुकडा. आबांनी त्यावर हात ठेवला. “किती दिवस लागले म्हणालास?” पंधरा महिने. “हं,” म्हणाले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

कोडी आणि पेटीची जागा मी इथे सांगणार नाही. तो या खेळातला शिष्टाचार आहे. पण चालणं कसं झालं ते सांगतो. बायको कोडं वाचायची, लेक पुढे पळायची आणि मोजणी माझ्याकडे. पावलं मोज, पाटीवरचे शब्द मोज, अमुक शब्दातलं अमुक अक्षर घे. आबांना इंग्रजी यमकांत फारसा रस नव्हता. ते चिखल बघत होते. सकाळच्या ओहोटीने खाडी अजून बरीच उघडी होती आणि त्या चिखलावर हजारो बारीक भोकं.

“खाली जीव आहे,” ते लेकीला म्हणाले. “भोक दिसलं की समजायचं, कोणीतरी श्वास घेतंय.”

पाटी वाचली. चिखलात बिळं करून राहणाऱ्या कोळंबीच्या जातीची ती भोकं होती. लांबवर काही माणसं फावड्याने शिंपले खणत होती. आबांनी लगेच चौकशी केली, कोणते, किती, परवाना लागतो का. लागतो. “आमच्याकडे बायका ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडतात, त्यांना कोण परवाना विचारणार!” मग पुलाकडे बघून, “हा पूल कधीचा?” १९३६ चा, कोंडी मॅकलॉ नावाच्या इंजिनिअरने बांधलेला. त्याआधी इथे फेरीबोट चालायची. हे ऐकून आबा खूश झाले. दाभोळला धोपाव्याहून गाड्यांसकट नेणारी फेरीबोट २००३ मध्ये आली, त्याचं त्यांना भारी कौतुक. “म्हणजे आपण यांच्या सत्तर वर्षं मागे, एवढंच.”

आणि मग आम्ही अडकलो. शेवटच्या चौकटीत जो शब्द तयार व्हायला हवा होता, तो कोणत्याच भाषेतला नव्हता. एकदा मागे जाऊन आलो. परत तेच. लेक रडकुंडीला आली. मी म्हणालो की पुस्तिकेत छापताना चूक झाली असणार. (संगणकवाला आधी दुसऱ्याच्या कोडमध्ये बग शोधतो.) आबा म्हणाले, “तू कसा मोजतोस ते दाखव.” दाखवलं. मी पाटीपुढे उभा राहून शून्यापासून मोजत होतो. वीस वर्षांची सवय. प्रोग्रामरसाठी पहिली वस्तू शून्याव्या जागेवर असते.

“अरे, उभं आहे त्याला आधी मोजायचं,” आबा म्हणाले.

लेक आणि तिची आई नव्याने मोजायला मागे गेल्या. आम्ही दोघं बाकावर बसलो. पाणी चढायला लागलं होतं. चिखलावरची भोकं एकेक करून बुजत होती.

आता ते कारण. जानेवारी २०१३ मध्ये आई आजारी पडली तेव्हा मी फोन केला होता. आबा म्हणाले होते, “बरी आहे, घाई करू नकोस.” त्या शनिवार-रविवारी आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं. मी घाई केली नाही. पोचलो तेव्हा सगळं होऊन दोन दिवस झाले होते. दीड वर्ष मी मनात धरून होतो की आबांनी मला खरं सांगितलं नाही.

बाकावर बसल्याबसल्या ते म्हणाले, “तिनेच सांगितलं होतं तुला कळवू नको म्हणून. त्याचं काम होऊ दे म्हणाली. मी ऐकायला नको होतं.”

मी काही बोललो नाही. मग म्हणालो, “आबा, मला तुमच्या आवाजावरून कळलं होतं. मी परत विचारलं नाही.”

ते पाण्याकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “ते मलाही कळलं होतं.”

एवढंच. मराठी बापलेकांचं यापेक्षा जास्त बोलणं होत नसावं. तेवढ्यात लेक धावत आली, शब्द जुळला होता.

पेटी सापडल्यावर जो आरडाओरडा झाला त्याने एक बगळा उडाला. वही ओलसर, पानं कुरकुरीत झालेली. कोणी सिॲटलचं, कोणी आयडाहोचं, एका मुलाने नुसता खेकडा काढला होता. प्रत्येक नोंदीत तारीख, नाव, गाव आणि किती जण आलो ते. लेकीने पेन्सिल आबांच्या हातात दिली. त्यांनी आपल्या वळणदार देवनागरीत लिहिलं: श्रावण पौर्णिमा, खाली आमचं आडनाव, दाभोळ खाडी, जिल्हा रत्नागिरी. आणि पुढे, माणसं: ५.

“आबा, आपण चार आहोत,” लेक म्हणाली.

“तुझ्या बाबाचं मोजणं चुकतं. माझं चुकत नाही.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी शिक्का उमटवायच्या कामाला लागलो.

नारळाचं काय करायचं हा प्रश्न होता. अमेरिकेत समुद्रात काही टाकायचं म्हणजे कुठला तरी नियम आडवा येणार असं मला उगाच वाटत होतं. आबांनीच तोडगा काढला. खाडीकाठच्या दगडावर नारळ फोडला, हात जोडले, पाणी खाडीला दिलं आणि खोबरं आम्ही नारळीभाताबरोबर खाल्लं. यात काही कायदेभंग झाला असल्यास क्षमस्व.

कोणाला असा खेळ खेळायला जायचं असेल तर स्वतःची पेन्सिल आणि शाईचं पॅड न्या (पेटीतलं बहुतेक वेळा वाळलेलं असतं), ऑगस्टमध्येसुद्धा वाऱ्याचं जॅकेट न्या, आणि निघण्यापूर्वी तो क्वेस्ट अजून चालू आहे का बघा. वाटा बदलतात, पेट्या हलवल्या जातात.

आबा ठरल्यापेक्षा महिनाभर जास्त राहिले. परत गेल्यावर वर्षभराने त्यांचं पत्र आलं. लेकीच्या नावाने. आत मराठीत आठ ओळींचं कोडं, ओढूनताणून यमक जुळवलेलं. विहिरीपासून सुरुवात, मग ग्रामदेवतेचं देऊळ, मग खाडीची वाट. तिला ते वाचायला दोन आठवडे लागले. काही शब्द मलाही बायकोला विचारावे लागले.

डिसेंबर २०१५ मध्ये आम्ही गावी गेलो. खाडीच्या वाटेवर जांभ्या दगडाचा जुना गडगा आहे, त्याच्या एका फटीत बोर्नव्हिटाचा डबा. डब्यात शाळेची चाळीस पानी वही आणि शाईचं पॅड. शिक्का म्हणून आईचं करंज्यांचं पितळी कातणं. शाईत फिरवून कागदावर चालवलं की लाटांची ओळ उमटते.

वही कोरी असेल असं आम्हाला वाटलं होतं. नव्हती. आबा दर पौर्णिमेला डबा तपासायला येत होते. प्रत्येक वेळी तिथी, “डबा कोरडा आहे”, लाटांची एक ओळ आणि पुढे, माणसं: २.

लेकीने सगळी पानं उलटून पाहिली. मग पेन्सिल घेतली, आबांना तिथी विचारून ती लिहिली, कातणं फिरवलं आणि पुढे कोणालाही न विचारता ५ लिहून वही मिटली.