साठ श्वास

रोवण्याचे दिवस. मूलच्या आजूबाजूच्या बांध्या पाण्याने भरल्यात, बाया उजाडायच्या आत धानात उतरतात. गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताईही त्यांच्यातलीच, तरी बाळंतिणीकडे तिला ठरल्या दिवशी जावंच लागतं. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. वजन, ताप, अंगावर पिणं बघायचं. आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे. साठ किंवा जास्त भरले, तर बाळ धोक्यात.

ही रीत आपल्या शेजारची. सावलीवरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिथे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या बायांना आरोग्यदूत केलं. जंतुसंसर्ग ओळखणं, बाळाला ऊब देणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं, सारं त्या घरातच करू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर, तुलनेच्या गावांपेक्षा, ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. जेमतेम शाळा शिकलेल्या बायांचं हे काम! मला याचा फार अभिमान वाटतो.

२०११मध्ये देशभरातल्या आशांकडे हे काम आलं आणि सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. मला हे पटत नाही. रोवण्याची मजुरी बुडवून ती चिखलातून जाते. तिला कामागणिक मोबदला नको, दरमहा पगार हवा.