एक इंच पाणी

वाडा पाडायचं ठरलं तेव्हा आम्हा भावंडांच्या बैठका झाल्या त्या एफएसआय, पार्किंग आणि लिफ्टवर. चार मजले, आठ घरं. तीन आमची, पाच विकायची. नकाशा मंजूर झाला, पाया भरला, एकेक स्लॅब पडत गेला. पाण्याचा विषय एकदाच निघाला आणि ‘वाड्यात नळ आहेतच की’ या एका वाक्यावर मिटला. ते वाक्य माझं होतं. म्हणून पुढचं सगळं मीच लिहायला हवं.

वाड्यात खरंच तीन नळ होते. अर्ध्या इंचाचे, एक आमचा, दोन भाडेकरूंच्या खोल्यांचे. वाडा पाडताना ठेकेदाराच्या माणसांनी पाइप वाकवले, डट्टे मारले. नळ बंद झाले, असं मी धरून चालले. दीड वर्षानं नव्या जोडणीचा अर्ज घेऊन पाणीपुरवठा विभागात गेले, तेव्हा खिडकीतून आजोबांच्या नावाची थकबाकी पुढे सरकवली गेली. नळ बंद करण्याचा अर्ज आम्ही कुणी दिलाच नव्हता. वाडा जमीनदोस्त झाला होता, पण नोंदवहीत त्याचे तिन्ही नळ चालू होते. पाणीपट्टी चढत होती, वर विलंब आकार. ती सगळी रक्कम भरली तेव्हा कुठे थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला आणि अर्ज पुढे गेला.

मग आलं मागणीपत्र. त्यात एक रक्कम नव्हती, पाच होत्या: जोडणी शुल्क, अनामत, मीटर, जोडणीचं साहित्य आणि रस्ता खोदाई. सगळ्यात मोठा आकडा खोदाईचा. जोडणी शुल्काच्या कितीतरी पट. भाऊ तडकला, ‘‘परवानगी घेतानाच विकास शुल्क भरलंय. आता हे परत कसलं?’’ मलाही तेच वाटत होतं. विभागातल्या अभियंत्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि उलगडून सांगितलं. विकास शुल्क १९६६च्या नगररचना अधिनियमाखाली, जमीन विकसित करताना द्यायचं; ते शहराच्या विकासकामांसाठी. नळाचे पैसे वेगळे, कारण मुख्य वाहिनीला भोक पाडून आपल्या टाकीपर्यंत पाणी आणण्याचं काम फक्त आपल्यासाठी होतं. खोदाईचे पैसे रस्ता पूर्ववत करायला लागतात. आमच्या कोपऱ्यावरचा रस्ता वर्षभरापूर्वीच काँक्रीटचा झाला होता, म्हणून तो आकडा एवढा फुगला. काँक्रीट होण्याआधी अर्ज केला असता, तर मातीचाच चर खणावा लागला असता.

मग त्यांनी विचारलं, ‘‘आठ घरांना रोज किती पाणी लागेल, काढलंय का?’’ नव्हतं काढलं. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. घरटी पाच माणसं धरली, तर आठ घरांची चाळीस. म्हणजे ५,४०० लिटर. ‘‘आता घरी जा आणि गल्लीतल्या अर्ध्या इंचाच्या नळाखाली बादली लावून बघा,’’ ते म्हणाले.

बादली लावली ती शेजारच्या मावशींच्या नळाला. त्यांचं घर गल्लीच्या टोकाचं. अंगणात गुडघाभर उंचीवर नळ, खाली घासून गुळगुळीत झालेला दगड. लहानपणी शाळेतून येताना याच नळाचं पाणी आम्ही ओंजळीनं प्यायचो. पंधरा लिटरची बादली भरायला एक मिनिट लागलं. आमच्याकडे पाणी सुटतं दिवसाला दोन तास. म्हणजे १,८०० लिटर. आम्हाला हव्या त्याचा बरोबर तिसरा हिस्सा. मावशी म्हणाल्या, ‘‘हे आत्ताचं गं. मे महिन्यात ये, दोन मिनिटं लागतात.’’

ठेकेदाराकडे उपाय तयार होता. ‘‘गल्लीतूनच अर्धा इंच घ्या, खर्च कमी. नाही पुरलं तर लाइनलाच मोटर लावायची. सगळे लावतात.’’ मोटर लावली की आमची टाकी भरली असती, यात शंका नाही. पण गल्लीतली वाहिनी ८० मिलिमीटरची आणि तिच्यावर चौदा घरं. मोटर काही नवं पाणी तयार करत नाही. जे पुढच्या घराकडे निघालं आहे तेच मधल्यामध्ये ओढून घेते. पुढचं शेवटचं घर मावशींचं होतं.

अभियंत्यांनी दुसरा मार्ग दाखवला. हमरस्त्यावरच्या १५० मिलिमीटरच्या वाहिनीतून एक इंचाची जोडणी. अर्धा इंच म्हणजे १५ मिलिमीटर, एक इंच म्हणजे २५. व्यास दुप्पटही नाही, पण पाइपाचं तोंड पावणेतीनपट मोठं. मात्र चर लांब, काँक्रीटही जास्त फोडायचं. खोदाईचा आकडा अजून वाढला. घरात दोन रात्री वाद झाला. शेवटी वाढीव खर्च आम्ही आमच्या तीन घरांवर घेतला. घरं विकताना पाण्याची हमी आम्ही तोंडानं दिलेली होती.

जोडणी झाली रात्री साडेदहाला, रहदारी थांबल्यावर. खड्ड्यात उतरून परवानाधारक प्लंबरनं मुख्य वाहिनीवर पट्टा आवळला, तिला भोक पाडलं, आणि पाण्याची पिचकारी छातीवर झेलतच फेरूल बसवला. अंगठ्याएवढा पितळी तुकडा. तो हातात घेऊन मी आधी पाहिला होता. आठ घरांचं आंघोळीचं, स्वयंपाकाचं, पिण्याचं पाणी त्याच्या पोटातून जाणार होतं. पाच रकमांचं मागणीपत्र मला खऱ्या अर्थानं कळलं ते त्या खड्ड्याच्या काठावर. आपण पाणी विकत घेत नव्हतो. साऱ्या शहराच्या वाहिनीत एक जागा मागत होतो, आणि ती मागताना कुणाची जागा जाऊ नये याची किंमत भरत होतो.

आता ओळखीत कुणी बांधकाम काढलं की मी आधी पाण्याचं विचारते. नकाशा काढायच्या आधी विभागात जा. जुने नळ पाडकामाआधी रीतसर बंद करा आणि त्याची पोच जपा. आपली वाहिनी किती मिलिमीटरची, तिच्यावर किती घरं, हे विचारा. रस्त्याचं काम निघणार असेल तर त्याआधी चर खणून घ्या. बांधकामासाठी तात्पुरता नळ घेतलात तर त्याला बिगरघरगुती दर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्या मिळाल्या तो घरगुती करून घ्या. हे सारं विचारायला पैसे पडत नाहीत.

नव्या नळाला पाणी सुटलं त्या सकाळी मी तीच बादली तळघरातल्या टाकीशी धरली. वीस सेकंदांत भरली. मग ती रिकामी करून घड्याळासकट मावशींच्या अंगणात गेले. नळ सोडला आणि दगडावर बादली ठेवली. काटा फिरत होता तोवर आम्ही दोघीही बोललो नाही. बादली काठोकाठ भरली तेव्हा बरोबर एक मिनिट झालं होतं. मावशींनी नळ बंद केला आणि बादली उचलून तुळशीला पाणी घालायला गेल्या.