बिनजोडीचा इलेक्ट्रॉन

कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांत खिडकीची साधी काच ठेवली की ती कोऱ्या चहाच्या रंगाची होऊन बाहेर येते. शेजारचा शुद्ध सिलिकाचा तुकडा मात्र नितळच दिसतो. प्रयोगशाळेत नवीन आलेल्यांना मी विचारते, जास्त मारा कुणी खाल्ला? बोटं तपकिरी काचेकडे जातात. मारा दोघींवर सारखाच झालेला असतो.

साध्या काचेत सोडियममुळे काही ऑक्सिजन आधीच सैल असतात. किरणांनी त्यांचा इलेक्ट्रॉन हिरावला की ते दृश्य प्रकाश गिळू लागतात. सिलिकात बंध तुटतो आणि सिलिकॉनपाशी एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरतो. रॉबर्ट वीक्स यांनी १९५६ साली किरणोत्सारित क्वार्ट्‌झमध्ये अशा इलेक्ट्रॉनांची चुंबकीय खूण नोंदवली. त्याला ई-प्राइम म्हणतात (नाव रुक्षच आहे). तो प्रकाश शोषतो २१५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अतिनीलात. आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ताच नाही.

भट्टीत पुरेसं तापवलं की दोन्ही काचा पूर्ववत होतात. सहकाऱ्यांना तुकडे लगेच परत हवे असतात. मी आधी वर्णपट काढल्याशिवाय भट्टी लावत नाही, कारण तापवताना किती मारा बसला याचा हिशेबही जातो. हिरोशिमाच्या कौलांतल्या क्वार्ट्‌झच्या कणांनी १९४५चा हिशेब असाच धरून ठेवला होता. संशोधकांनी ते कण तापवले, निघालेला क्षीण प्रकाश मोजला आणि त्यावरून मात्रा काढली. तेच कण पुन्हा तापवले, तर उष्णतेची लाली तेवढी दिसते.