भूमी विरस होण्यापूर्वी

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा एक अध्याय आहे. वायू, उदक, देश व काल ही चार बिघडली म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी रोगग्रस्त होतात, असे आत्रेय तेथे अग्निवेशाला सांगतात. विद्यार्थिदशेत मी तो अध्याय अभ्यासिला. त्याचा अर्थ मात्र लातुरातील 2016 च्या उन्हाळ्याने शिकविला.

त्या वर्षी मांजरा धरण आटले व शहराचे नळ थांबले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी पुकारावी लागली. 12 एप्रिल रोजी मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून, पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. गृहस्थाला स्नान अर्ध्या बादलीत आटोपता येते, धुणेही दोन दिवस पुढे टाकता येते. परंतु रुग्णालयाने काटकसर करावी कोठे? शस्त्रवैद्याने हात न धुता शस्त्र धरावे काय? उपकरणे निर्जंतुक करण्यास वाफ हवी, रक्ताळलेली वस्त्रे धुण्यास पाणी हवे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागते. ते शुद्ध करताना आणखी पुष्कळ वाहून जाते, ते निराळेच.

माझ्या धाकट्या भगिनीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया त्याच एप्रिलमध्ये ठरली होती. पाण्यावाचून ती दोनदा पुढे गेली. वैद्य, द्रव्य, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाद चरकाने सांगितले आहेत. येथे चारही पाद जागेवर होते, पण चिकित्सा जागची हलेना! रात्री वेदनेने तळमळत ती विचारी, “दादा, टँकर आला का रे?” रोग्याने वैद्याऐवजी टँकरची वाट पाहावी, ही दशा मी प्रथमच पाहिली. पुढे ती बरी झाली. परंतु ज्यांचा रोग थांबण्यास तयार नसतो, त्यांनी काय करावे?

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात ऑगस्ट 2025 मध्ये याच्या अगदी उलट घडले. मुखेड तालुक्यातील गावे अतिवृष्टीने वेढली गेली. साहाय्यास सैन्य बोलवावे लागले. अशा वेळी आरोग्यकेंद्राची इमारत शाबूत राहिली तरी वाट बुडाल्यावर आसन्नप्रसवा स्त्री तेथे पोचणार कशी? वीज गेल्यावर शीतपेटीतील लसी किती काळ टिकणार? पूर ओसरला की विहिरींचे दूषित पाणी अतिसार व कावीळ घेऊन येते. म्हणजे रुग्ण वाढतात ते नेमके रुग्णालय दुबळे झाले असतानाच.

त्याच अध्यायात आत्रेय शिष्याला आणखी एक गोष्ट बजावतात: भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवा. आजच्या काळी पाणी, वीज व वाट याही औषधीच होत. साधे त्रैराशिक मांडून पाहा. रुग्णालयाच्या हजार चौरस मीटर गच्चीवर वर्षात 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर 7 लाख लिटर पाणी होते. अवर्षणात निम्माच पडला तरी साडेतीन लाख. पहिल्या गाडीने पाच लाख आणले होते, हे ध्यानी घ्यावे.

वाचकहो, आपल्या गावच्या रुग्णालयास आपण देणग्या देतो, खाटांवर आईवडिलांची नावे कोरवितो. ते उचितच आहे. परंतु पुढच्या वेळी एक टाके बांधून द्यावे, आणि ते भरण्यासाठी मृगाच्या आधी गच्ची झाडली आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.