विकायच्या घरातली चूल

घर विकायची वेळ कुणावर येऊ नये, असं आपण म्हणतो, पण येते. आमच्यावर आली. शेतातल्या वस्तीवर राहायला जाऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. तेव्हा मोहोळ तालुक्यातलं गावातलं जुनं घर विकून कर्ज फेडायचं ठरलं.

गिऱ्हाईक येई. ओसरी बघे, सोपा बघे, मान डोलवी. मग बरोबरची बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राही आणि तिथूनच मागं फिरे. अशी तीन गिऱ्हाइकं गेली. बायांनो, तिचं तरी काय चुकलं? पुरुषमाणूस भिंती मोजतो. बाई मात्र उद्यापासून आपल्याला कुठं बसायचंय ते बघते.

आमचं स्वयंपाकघर दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद. वर मातीचं माळवद, धुरानं काळ्या झालेल्या तुळया, कोपऱ्यात चूल. उजेड यायचा तो माळवदातल्या साण्यातून. तेही पाऊस आत येतो म्हणून फरशीचा तुकडा ठेवून बंद केलेलं. आपल्यालाच सवय झालेली असते, म्हणून दिसत नाही. परक्या बाईला पहिल्यांदा अंधारच दिसतो.

बिनपैशाचं काम आधी काढलं. फुटकी उतरंड, रिकामे पत्र्याचे डबे, न लागणारी पिंपं सगळं बाहेर नेलं. खोली तेवढीच राहिली, पण बसायला-उठायला जागा दिसू लागली. मग साण्याच्या कडा विटांनी उचलून घेतल्या आणि वर काच बसवली. धुराला वाट राहावी म्हणून बाजूला फट ठेवली.

चुना द्यायची घाई मात्र करू नका. काजळीवर चुना दिला, तर चार दिवसांत पिवळे डाग वर येतात. आधी कोरड्या केरसुणीनं काजळी झाडा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं भिंत पुसा. कळीचा चुना आदल्या रात्री पाण्यात भिजवा. तो उकळतो, म्हणून पोरांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. सकाळी फडक्यातून गाळून त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घाला. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात चांगले बसतात.

खाली शहाबादी फरशी होती. सोलापूरहून वाडीकडं जाणाऱ्या रेल्वेवरच्या शहाबादची ती. ही फरशी चुनखडीची. ॲसिडनं किंवा लिंबानं घासली, तर तिला खड्डे पडतात. साबण आणि नारळाची शेंडी पुरते.

चुलीवरून मात्र घरात वाद झाला. आमच्या मालकांचं म्हणणं, चूल काढून सगळा ओटाच करू. आत्याबाई म्हणाल्या, "चूल मोडायची न्हाई. ठिवायची का काढायची, ते घेनारी ठरवंल." त्यांचं मला पटलं. आता गॅस घरोघरी आहे, पण भाकरीला आणि पाणी तापवायला चूल अजून लागतेच. मग चूल लिंपून घेतली आणि शेजारी विटांच्या दोन खांबांवर कडाप्पा टाकून शेगडीची जागा केली. खर्च म्हणावा तो एवढाच.

चौथं गिऱ्हाईक यायच्या दिवशी मी सकाळीच शेंगदाणे भाजून चटणी कुटली आणि दोन भाकरी टाकल्या. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तिचा डाग चुन्यातूनही दिसत होता. मी तिथं कॅलेंडर लावलं. खोटं कशाला सांगू, झाकायलाच लावलं.

ती बाई आत आली, चुलीपुढं बसली, वर साण्याकडं बघून म्हणाली, "उजेड चांगलाय." माझा जीव भांड्यात पडला. इतक्यात आत्याबाई उठल्या आणि त्यांनी कॅलेंडर काढून हातात घेतलं. "बाई, हितं पावसात वल येती. बघून घ्या."

मालकांचं तोंड उतरलं. पण आता सगळंच सांगणं भाग होतं. दरसाल पांढरी माती टाकून माळवद जड झालंय, तेही त्यांनी सांगून टाकलं. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या भागात कोण विसरेल? दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं, याखाली झोपेत माणसं गेली. असं घर देताना हे न सांगणं म्हणजे कुणाच्या लेकराच्या डोक्यावर ओझं ठेवून गप्प बसणं.

त्या मंडळींनी आठ दिवस कळवलंच नाही. मी मनातून आत्याबाईंवर चिडले होते. नवव्या दिवशी ते गवंड्याला घेऊन आले. माळवद उतरवून पत्रे टाकायचा खर्च काढला आणि तेवढा भाव पाडून घर घेतलं. कर्ज फिटलं, हाती फारसं उरलं नाही.

नव्या घरात दूध उतू घालायला त्यांनी आत्याबाईंना बोलावलं. दूध त्याच चुलीवर उतू गेलं. येताना वाटेत आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "चूल पेटती ऱ्हायली गं."

तेव्हा बायांनो, घर विकायचं झालं तर स्वयंपाकघर जरूर उजळा. उजेड द्या, जागा द्या, चुना द्या. पण डागावर कॅलेंडर लावू नका. त्या चुलीपाशी उद्या आपल्यासारखीच कुणीतरी बसणार आहे.