मागे कोण उभे आहे?

दिवाळीच्या सुटीत आमच्या जेवणाच्या टेबलावर लढाया होतात. भाचेमंडळी फासे घेऊन बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या कुळातलाच हा खेळ.

तलवारीपर्यंत सारे सुरळीत चालते. एक घाव, एक फासा. घोटाळा होतो तो स्वयंचलित बंदुकीने. कलाश्निकोव्ह मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या वेगाने झाडते आणि तिच्या मॅगझीनमध्ये गोळ्या असतात ३०. आमची एक फेरी ६ सेकंदांची. म्हणजे चाप दाबून धरला, तर अर्ध्या फेरीतच खडखडाट! बरे, दर गोळीला फासा टाकावा, तर आमटी गार होते.

म्हणून घरचे कायदे झाले. तीन गोळ्यांच्या फैरीला फासा एकच. सगळे मॅगझीन झाडले तर नेम अवघड, कारण नळी वर उसळते. पण समोरच्यानेही त्या फेरीत डोके वर काढायचे नाही. गोळ्यांचा हिशेब वहीत.

शेवटचे कलम धाकट्या भाचीचे: चुकलेली गोळी विरून जात नाही. मागे कोण उभे आहे ते आधी सांगायचे आणि त्याच्या नावानेही फासा टाकायचा.

परवा थोरल्या भाच्याने भर बाजारात शत्रूवर नेम धरला. "मागे कोण?" त्याने विचारले. "भाजीवाली." त्याने बंदूक खाली घेतली आणि डाव हरला. कुणी हसले नाही.

शाळेत मी लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतो. हा प्रश्न मला अजून एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही.